खाल्ल्या मिठाचा हिशेब

शाळेत 'पी. टी.' म्हणजे कवायतीचा तास. इतकी वर्षे मास्तरकी केल्यावर या दोन अक्षरांना दुसरा काही अर्थ असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. गेल्या मार्चमध्ये आमच्या मागच्या खोलीत राहणारा तरुण पगाराची चिठ्ठी घेऊन ओट्यावर आला आणि म्हणाला, "गुरुजी, हे पी. टी. काय असतं? दर महिन्याला दोनशे कापतात. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, तर त्यात तीनशे कापले! आधी मी गुडगावला होतो, तिथे असलं काही नव्हतं."

तो जौनपूरकडचा. कुरुळीत येऊन त्याला चार-पाच महिने झाले होते. आमचे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे. माझ्या लहानपणी इथे बाजरीची शेते होती आणि कांद्याच्या गाड्या चाकणच्या बाजाराला जात. आता शेतांच्या जागी कारखाने आहेत आणि पहाटेच्या पाळीला निघालेल्या घोळक्यात मराठी शब्द शोधावा लागतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेला. कराच्या बाबतीत माझी गती यथातथाच. परंतु एकदा 'गुरुजी' म्हणवून घेतले की 'ठाऊक नाही' म्हणण्याची सोय राहत नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुस्तके धुंडाळली.

उत्तर साधे निघाले. आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्राचा. माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, तरी त्याचे विवरणपत्र एकच; पत्ता तेवढा बदलतो. नोकरी-धंद्यावर वेगळा कर बसवण्याची मुभा मात्र राज्यघटनेने राज्यांना दिली आहे. १९५० साली त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, की २,५०० भरले. हरियाणा आणि उत्तर प्रदेश हा कर घेत नाहीत, महाराष्ट्र घेतो. म्हणून गुडगावच्या चिठ्ठीत जे नव्हते ते चाकणच्या चिठ्ठीत आले.

हे सांगितल्यावर तो निघून जाईल असे मला वाटले होते. पण त्याने खरा प्रश्न तेव्हा विचारला. "गुरुजी, माझी आई तिकडे, बायकामुलं तिकडे, घर तिकडे. मग सरकारला द्यायचं ते इकडे का?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर आहे, काही थोड्या राज्यांत तो नाही. मागे तो वर्षाच्या मध्यावर न्यू जर्सी सोडून टेक्ससला गेला. टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा कर नाही. पण जितके महिने न्यू जर्सीत काढले तितक्यांचा हिशेब त्या राज्याला द्यावाच लागला. फोनवर तो म्हणाला, "मामा, इथे तुम्ही कुठले रहिवासी हे ठरवताना घर कशाला म्हणायचं तेही लिहून ठेवलंय. जिथून बाहेर गेलो तरी परत यायचं मनात असतं, ते घर. मी टेक्सस लिहिलं खरं, पण लिहिताना कुरुळीचा ओटा डोळ्यांपुढे आला."

मला त्या व्याख्येचे नवल वाटले. कराच्या रूक्ष कागदाने माणसाच्या मनालाच हात घातला होता. पण नीट विचार करता असे दिसते की, कर द्यायचा कुठे हे केवळ मनाच्या ओढीवर सोपवता येणार नाही. ओढ जन्मगावची असते, आणि पाणी प्यायचे ते चालू गावचे. आपले जुने लोक खाल्ल्या मिठाला जागावे म्हणत. ते मीठ आपल्या आईने वाढले की परक्याने, हे त्यांनी विचारले नाही.

शिवाय हा जो दोनशे रुपयांचा कर, त्याची जन्मकथा मोठी आहे. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील ऐन तारुण्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. दुपारी सुकडी मिळे, ती थोडी घरी बांधून आणत. अशा वेळी मिळणारे काम ही सरकारची मेहेरबानी न राहता माणसाचा हक्क व्हावा, असा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडला होता. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला तो करूनही पाहिला होता. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. तिला पैसा हवा, म्हणून १९७५ साली हा व्यवसाय कर बसला. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून पैसा निघायचा आणि कोरड्या रानातल्या मजुराच्या हातात पडायचा. त्या पगारदारांत परप्रांतातून आलेले किती तरी होते. त्यांनी ज्याच्यासाठी दिले त्याचे तोंडही त्यांनी कधी पाहिले नसेल.

मी त्या तरुणाला हे सारे सांगितले. आणखी एक गोष्ट सांगितली. तू घरी पैसे पाठवतोस, त्यातून तुझी आई साबण आणते, पोरांची दप्तरे आणते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याला त्यातला राज्याचा वाटा मिळतो. म्हणजे तुझ्या घामाचा हिस्सा तुझ्या मुलखालाही जातोच आहे. तू दोन्ही गावांचे देणे देतोस.

त्याचा चेहरा जरा उजळला. मग तो सहज म्हणाला, "म्हणजे इथल्या रस्त्याला माझेही पैसे लागले. मग आम्हाला बाहेरचे का म्हणतात?"

यावर मी काहीतरी बोललो, पण ते आता आठवत नाही. आठवण्यासारखे ते नसावे.

पुढे आठ दिवसांनी तो पुन्हा आला. देणे इथे द्यायचे, तर मतही इथेच द्यावे असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याचे काही चुकले नव्हते. ज्या ठिकाणी माणूस नेहमी राहतो तिथल्या मतदारयादीत त्याला नाव घालता येते. त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा हवा. "गुरुजी, भाड्याचा कागद करून द्या आणि तुमच्या घरपट्टीची पावती द्या."

मी ट्रंक उघडली, पावती काढली आणि तशीच परत ठेवली.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात ही कबुली देताना संकोच वाटतो. आमचे बैल विकले तेव्हा मी गोठा पाडून चार खोल्या काढल्या. त्याला आठ वर्षे झाली. पंचायतीला मी ते कळवलेच नाही. त्यामुळे नमुना आठच्या उताऱ्यात त्या जागी अजून 'गोठा' होता आणि पट्टीही मी गोठ्याचीच भरत होतो. दर महिन्याच्या पाच तारखेला चार खोल्यांचे भाडे मात्र मोजून घेत होतो. ज्याला मी दोन दिवस पुस्तके चाळून मिठाचा धर्म शिकवला, तो माझ्या हिशेबी गोठ्यात राहत होता!

बाहेरचे लोक येतात, पाणी वापरतात, गावाचा कचरा वाढवतात, अशी तक्रार आमच्या पारावर नेहमी होते. मीही तीत मान डोलावत आलो. पण त्या पाण्याची किंमत चोरत होतो मी. तो तर चिठ्ठी हाती पडण्यापूर्वीच भरून मोकळा होत होता. कोणी म्हणेल, त्याचे कापून घेतात, तो आपणहून थोडाच देतो? खरे आहे. पण त्याने कशासाठी हे विचारले, आणि समजल्यावर कुरकुर केली नाही. आपण सारे समजून-उमजून दडवतो आणि वर गावचे म्हणवतो.

माणूस कुठला, हे त्याच्या जन्माच्या दाखल्यावरून कळते असे मी आजवर मानत होतो. आता वाटते, तो कुठले देणे आपले मानतो त्यावरूनही ते कळावे. त्या अर्थी आमचा भाडेकरू पाच महिन्यांत कुरुळीकर झाला होता आणि मी पिढीजात असूनही थोडा उपराच राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत अर्ज दिला. माझ्या कमाईच्या मानाने नवी पट्टी झोंबली, हे खोटे कशाला सांगू? घरात दोन दिवस धुसफूसही झाली. "सगळं गाव करतं, तुम्हालाच बरी बुद्धी सुचली," असे ऐकून घ्यावे लागले. पण नवा उतारा आला, त्यात 'गोठा' हा शब्द नव्हता. भाड्याचा कागदही झाला आणि त्या तरुणाने आपला अर्ज भरला.

येत्या लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पुजतील. माझ्याजवळ वही नाही. घरपट्टीची पावती आहे. ती पाटावर ठेवावी की न ठेवावी याचा घरात अजून निकाल लागलेला नाही. मागच्या खोलीतल्या मंडळींना मात्र फराळाचे बोलावणे गेले आहे.