पंचवीस घरांचा न्याय

शाळेत असताना एका शिक्षकांनी आम्हाला चौकटीच्या वहीतला एक खेळ दिला होता. पाच ओळी आणि पाच रकाने, अशी पंचवीस घरे आखायची. प्रत्येक घरात मर्जीप्रमाणे शून्य किंवा एक लिहायचा. अट एकच. दोन ओळी आणि दोन रकाने जिथे एकमेकांना छेदतात, त्या चार घरांत सारखाच आकडा येता कामा नये. आम्ही दुपारभर पाने भरली. दर वेळी कुठेतरी चार एक किंवा चार शून्ये आयताच्या चार कोपऱ्यांवर बसलेली सापडत. सर म्हणाले, "पोरांनो, दोष तुमचा नाही. घरांच्या संख्येचा आहे."

सोळा घरांत हे साधते. ११००, १०१०, १००१, ०११० अशा चार ओळी एकाखाली एक लिहून पाहाव्यात. पंचवीस घरांत मात्र साधत नाही. का, ते कुणालाही समजेल. पाच घरांच्या ओळीत एक तरी आकडा तीनदा येतोच. पाच ओळींपैकी निदान तीन ओळींत हा बहुमताचा आकडा एकच असणार. तो 'एक' आहे असे धरू. त्यातल्या पहिल्या ओळीत तो पहिल्या तीन रकान्यांत आहे असे समजू. आयत टाळायचा तर दुसऱ्या ओळीला त्या तिघांपैकी एकच रकाना घेता येतो, म्हणून चौथा आणि पाचवा घ्यावेच लागतात. तिसऱ्या ओळीलाही तेच करावे लागते. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतच आयत तयार होतो. कुणी तो आखलेला नसतो, तरी तो असतो.

केंब्रिजच्या फ्रँक रॅम्से यांच्या १९३० साली छापलेल्या एका निबंधातून या विचाराची मोठी शाखा वाढली. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी ते वारले. पसारा पुरेसा मोठा झाला की त्यात कुठली ना कुठली शिस्त दिसणारच, हे या शाखेचे सार. आम्हाला त्यात गणिताइतकाच नीतीचा प्रश्न दिसतो. आकृती दिसली म्हणजे ती काढणारा हात सिद्ध झाला काय?

आमच्या मोहल्ल्यात एकदा लागोपाठ चार सायकली चोरीला गेल्या. कोण कोणत्या दिवशी नाक्यावर होते, याची आम्ही उजळणी केली. पंक्चर काढणारा एक पोरगा चारही दिवस तिथे होता. एवढा पुरावा आम्हाला पुरला. कुणी त्याला मारले नाही, पण त्याच्याकडे कामही नेले नाही. महिन्याभरात तो निघून गेला. चोर कधी सापडला नाही.

आता हिशेब करतो. चार दिवसांची हजेरी शून्य आणि एक यांनी मांडली तर फक्त सोळाच प्रकार होतात. नाक्यावर साठ माणसांचा वावर धरला, तर निदान चौघांची ओळ तंतोतंत सारखी असणारच. चारही दिवस हजर असलेले आणखीही होते. त्यांत आम्हीही होतो. आम्ही फक्त त्याचीच ओळ वाचली.

मोठी शहरेही अशी चुकतात. १९४४ साली लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडू लागले, तेव्हा ते ठरावीक ठिकाणी पुंजक्याने पडतात अशी समजूत पसरली. आर. डी. क्लार्क यांनी १९४६ साली दक्षिण लंडनचे ५७६ चौकोन पाडून ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौकोन कोरे होते. निव्वळ योगायोगाने सुमारे २२७ कोरे राहिले असते. इथे आकृती अटळ नव्हती, योगायोगाची होती. पण धडा तोच.

मग प्रत्येक आकृती योगायोग म्हणून सोडून द्यायची काय? तसे केले तर जुलमी माणसाला आयतीच पळवाट मिळेल. गणित सांगते, कुठेतरी आयत पडेल. तो कुठे पडेल, शून्यांचा असेल की एकांचा, हे ते सांगत नाही. भाड्याच्या घरासाठी गेलेल्यांची यादी करावी. घर मिळाले तर एक, नाकारले तर शून्य. शहर बदलले, घरमालक बदलले, तरी शून्ये त्याच आडनावांपुढे पडत असतील, आणि यादी उघडण्याआधीच ती कुठे पडतील हे सांगता येत असेल, तर तो संख्येचा खेळ नव्हे. तिथे माणसाचा हात आहे आणि त्याला जाब विचारलाच पाहिजे.

फरक एवढाच. आधी बोट ठेवून मग पाहिले, की आधी पाहून मग बोट ठेवले? पहिल्याला चौकशी म्हणतात, दुसऱ्याला तोहमत. त्या पोराच्या बाबतीत आम्ही दुसरे केले. आमची नियत वाईट नव्हती, असे आम्ही स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. पण इन्साफाला नुसती नियत पुरत नाही. दुसऱ्याच्या ओळीवर बोट ठेवण्याआधी सगळी वही, आपल्या ओळीसकट, वाचावी लागते.