शेजारी आहे का?

गेल्या वैशाखात एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या घरातली लाईट गेली. पोळ्या अर्ध्या झाल्या होत्या. गॅस बारीक करून मी गॅलरीत आले, तर समोरच्या घरात टीव्ही चालू, शेजारच्या काकूंच्या देवघरातला झिरोचा दिवा खिडकीतून दिसतोय, खांबावरचे दिवे लागलेले. अंधार फक्त आमच्याकडे होता. आतून सासूबाईंनी विचारलं, “शेजारी आहे का गं?” मी म्हटलं, “आहे.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

लाईट गेली की मेणबत्तीच्याही आधी आपण हाच प्रश्न विचारतो. साताऱ्यात काय आणि मुंबईत काय, सगळ्यांची गेली असेल तर आपण चक्क सुस्कारा सोडतो. त्या संध्याकाळी माझ्या मनातही आलं, सगळ्यांची गेली असती तर बरं झालं असतं. आल्याबरोबर मला त्या विचाराची लाज वाटली. पण तो गेला नाही. रात्रभर जागीच होते, त्यामुळे तो उलटसुलट करून पाहायला वेळही मिळाला. आता वाटतं, त्यात दुसऱ्याचं वाईट व्हावं अशी इच्छा नसते. सगळ्यांची गेली, म्हणजे कुणीतरी दुरुस्तीला येणार याची खात्री असते. आणि सगळ्यांची गेली, म्हणजे चूक आपली नाही.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आमच्या पिढीने पुरती भोगली आहेत. गावाकडे दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. रात्री-बेरात्री आली की माणसं बॅटरी घेऊन मोटर चालू करायला शेतात जायची, आणि घरची माणसं ती परत येईपर्यंत जागी राहायची. त्या दिवसांचं मला कौतुक करायचं नाही. ओट्यावर जमून गाण्याच्या भेंड्या खेळल्याच्या आठवणी सांगताना लोक शेतातला साप विसरतात. पण त्या अंधाराला वेळापत्रक होतं, ते वर्तमानपत्रात छापून यायचं. त्या रागाला पत्ता होता, मोर्चा काढायला सबस्टेशन होतं. अन्यायसुद्धा सामायिक होता. फीडरवर गळती किती आणि वसुली किती हे पाहून गट पाडले जात, आणि गळती जास्त तिथे भारनियमन जास्त. मग वेळेवर बिल भरणाराही आकडा टाकणाऱ्यांबरोबर अंधारात बसायचा. हे मला तेव्हा फार चुकीचं वाटे, आजही वाटतं. तरी त्या अंधारात कुणाला स्वतःकडे संशयाने पाहावं लागलं नाही.

आमच्या घरात मात्र पहिल्या दहा मिनिटांत तेच सुरू झालं. नवीन इस्त्री आणली म्हणून झालं असेल का? मुलाने परवा पंखा बदलला, त्यात काही राहिलं असेल का? एमसीबी खालीवर करून पाहिले, एकही पडलेला नव्हता. मग मी मोबाइल काढला आणि बिल भरल्याचा मेसेज शोधू लागले. भरलं होतं, चांगलं आठ दिवस आधी. तरी तो मेसेज दोनदा वाचला. गॅलरीतून काकूंनीही अगदी मायेने विचारलं, “बिल राहिलं नाही ना गं?”

तक्रारीच्या नंबरवर फोन लागला. “आजूबाजूला लाईट आहे?” “आहे.” “मग मॅडम, तुमच्या आतला फॉल्ट असेल. वायरमनला दाखवून घ्या.” तो मुलगा नम्रपणे बोलला, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्यासमोर गल्लीचा, डीपीचा, फीडरचा हिशेब असणार, आणि त्या हिशेबात आमच्या गल्लीत वीज होती. त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता. मीटरपर्यंतचं त्यांचं, त्यापुढचं आपलं, अशी एक रेघ असते. फक्त आपलीच लाईट गेली, एवढ्यावरून दोष रेघेच्या आपल्या बाजूला आहे असं धरलं जातं. गल्लीने फोन केला असता तर गाडी निघाली असती. एका घराने केला, तेव्हा आधी घराने आपला निर्दोषपणा सिद्ध करायचा.

२००३ च्या वीज कायद्यात एका घराच्या अंधाराची नोंद आहे. कलम ५६. थकबाकी असेल तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन एकाच घराचा पुरवठा तोडता येतो. थकबाकी वसूल व्हायलाच हवी, त्यावर माझा वाद नाही. पण त्या रात्री मला आमच्याच गल्लीच्या टोकाचं एक घर आठवलं. काही वर्षांपूर्वी त्यांची लाईट कापली होती, दोनेक महिने. त्या घरातली बाई दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायची आणि दार लावून घ्यायची. एरवी आमच्याकडे दिवेलागणीला दार उघडं ठेवतात. ती लावायची, कारण उघड्या दारातून अंधार दिसला असता. मी रोज त्या दारावरून जात होते. मला वाटायचं, त्यांना एकांत आवडतो.

हिशेब घरांचा करायचा की वस्तीचा, हा प्रश्न देशालाही पडलेला आहे. २००४ मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार गावातल्या दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज पोचली की गावाचं विद्युतीकरण झालं असं धरलं जाई. म्हणजे शंभर घरांच्या गावात नव्वद घरांत चिमणीच असली तरी कागदावर गाव उजळलेलं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लैसांगला वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव जोडलं गेल्याचं जाहीर झालं. तो टप्पा मोठाच होता. पण त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, सौभाग्य योजना आली होती. तिच्यात मोजायचं माप गाव नव्हतं, घर होतं. माझ्या लेखी मोठा बदल तोच. गाव मोजणाऱ्याला खांब दिसतो. घर मोजायचं तर एकेका दारासमोर उभं राहावं लागतं.

आमच्या सातारा जिल्ह्याला तर हे कळायला दूर जायला नको. कोयनेच्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन तिकडे वीज काढतात. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात कोयनेला, आणि ते खरंही आहे. पण ज्यांची शिवारं त्या पाण्याखाली गेली, ती कुटुंबं पुनर्वसनासाठी दशकानुदशकं झगडत राहिली. राज्याच्या बेरजेत उजेड वाढला होता. वजाबाकी ज्याच्या त्याच्या घरात राहिली.

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास सासूबाईंना धाप लागली. त्यांचं वय शहाऐंशी, दम्याचा त्रास, आणि नेब्युलायझर विजेवर चालतो. भारनियमन संपल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी आम्ही भंगारात दिली होती. मी काकूंना हाक मारायच्या आत त्यांच्या गॅलरीतून काकांनी वायर सोडली. “लावा मशीन आधी, बाकीचं मग बघू.” एका वायरवर मशीन चाललं, मग टेबलफॅन, मग मोबाइल. ज्या जागेसाठी जोडणी दिली तिच्याबाहेर वीज वापरणं हे त्याच कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापरात मोडतं. ते तसं का आहे हे मला समजतं, नाहीतर एका मीटरवर दहा खोल्या चालतील. पण रात्री पावणेदहाला धाप लागलेल्या म्हातारीकडे पोचली ती वायरच, आणि मी ती पुन्हा घेईन.

वायरमन दहाला आला. त्याने विचारलं, “तिसऱ्या घरात आहे का?” गल्लीतली घरं तीन फेजवर वाटलेली असतात, एक फेज गेला तर साधारण दर तिसरं घर अंधारात जातं. तिसऱ्या घरात होती. मग त्याने मीटरचा काळा पडदा पाहिला, कटआउटमधला फ्यूज पाहिला, तो शाबूत. शेवटी प्लगच्या एका भोकात टेस्टर घातला, तर तो पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तिथेही पेटला. मला वाटलं, लाईट आली. तो म्हणाला, “न्यूट्रल तुटलाय ताई. खांबावर.” वीज घरापर्यंत येत होती, सगळ्या बल्बांतून, पंख्यांतून जाऊन थांबत होती. परतायला तिला वाट नव्हती. दिवा वीज आल्याने लागतो असं मी जन्मभर समजत होते. ती आली आणि परत गेली तरच तो लागतो.

“अर्थिंगवरून चालवून देता येत नाही का रात्रीपुरतं?” समोरच्या घरातल्या एकाने सुचवलं. वायरमनने ताडकन नाही म्हटलं. परतीचा प्रवाह अर्थिंगमधून गेला तर फ्रिजच्या पत्र्यापासून नळापर्यंत कशातही उतरू शकतो, आणि हात लावणारा माणूसच विजेची वाट होतो. दीड मिनिटाचं काम होतं, दोनशे रुपये मिळाले असते. त्याने ते केलं नाही, आणि वर स्वतःच्या फोनवरून लाइनमनला निरोप दिला: “आतलं सगळं बघितलंय. फॉल्ट तुमच्या बाजूला आहे.” माझ्या शब्दाला जी किंमत नव्हती ती त्याच्या शब्दाला मिळाली. पण ज्या घराला रात्री दहाला असा वायरमन मिळत नाही, त्याने काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सकाळी सातला लाइनमन आला. डीपीवरून पुरवठा बंद करावा लागला, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं सगळ्या गल्लीची लाईट गेली. माणसं गॅलऱ्यांत आली, एकमेकांना विचारू लागली, मग शिडीकडे पाहून समजली. कुणी कुरकुर केली नाही. तो वर चढला. जळून काळा पडलेला ॲल्युमिनियमचा जोड कापला, तार खरवडून पांढरी केली, नवा जोड दाबून बसवला. खाली आला, डीपीकडे गेला. थोड्या वेळाने तिकडूनच ओरडला, “आली का?”

आतून सासूबाई म्हणाल्या, “आली.”

मी काकांची वायर गुंडाळून गॅलरीतून परत द्यायला गेले. काकूंनी हात पुढे केला नाही. “आजची रात्र राहू दे तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. “जोड नवा आहे.”