शेडकार्ड दुकानातच ठेव

वढू बुद्रुक

चि. ताईस,

तुझ्या वाघोलीच्या इमारतीची चित्रं पाहिली. समोर निळी काच, मधून लाल पट्टा, बाकी पांढरंशुभ्र. मोबाइलवर झकास दिसतं. पण नगर रोडची धूळ त्यात कुठंच नाही.

आपल्या घराला मी शेडकार्डावरून बदामी रंग निवडला होता, आठवतं? काडेपेटीएवढा चौकोन पाहून. भिंतीवर चढला तर हळदीचा झाला. मोठ्या भिंतीवर रंग भडकतो; कार्डावर आवडेल त्याहून फिकाच घ्यावा. पुढं तीन पावसाळ्यांत खिडक्यांखाली काळे ओघळ उतरले. मी रंगवाल्याला बोल लावला, पण चूक माझीच होती. खिडकीचा कट्टा भिंतीबाहेर आलाच नव्हता, त्यामुळं धुळीचं पाणी थेट भिंतीवरून वाहायचं. कट्टा दोन इंच पुढं काढ आणि खालच्या अंगाला कडेलगत बोटभर खाच मार. पाणी तिथंच तुटून खाली पडतं. तुझ्या नकाशात ही खाच दिसली नाही, आणि मिस्त्री सांगितल्याशिवाय ती मारत नाही.

वाघोली तर दगडखाणींचं गाव. तळमजल्याला आठ फुटांपर्यंत तरी काळा दगड लाव. चिखलाचे शिंतोडे, टेकवलेल्या गाड्या, सगळं पचवतो. शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड आहे, वर वीट. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला, तट उभाच आहे. मात्र वरच्या मजल्यांना दगड नुसता चिकटवू नकोस. स्टीलच्या क्लॅम्पनं धरायला लाव.

तो लाल पट्टा एसीपीचा ना? ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, आणि स्वस्तातल्या मालात मध्ये प्लास्टिक. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावर फ्रिजपाशी लागलेली आग असल्याच आवरणावरून वर चढली. ७२ माणसं गेली. पट्टा ठेवायचाच असेल तर मधला थर न पेटणाऱ्या खनिजाचा आहे, याचं चाचणीपत्र हातात घे. मला विचारशील तर पट्टाच काढ. लाल हवाच असेल तर गेरूच्या जातीचा रंग दे. लोहाचे रंग उन्हात टिकतात, भडक किरमिजी लवकर विटतात.

काच उत्तरेला ठेव. पश्चिमेला लावलीस तर एप्रिलमध्ये एसीचं बिल भरणारा भाडेकरू तुझ्याच नावानं बोटं मोडील. पांढऱ्याची हौस गच्चीवर चायना मोझॅक टाकून भागव. तिथं ऊन परतवायला तो कामाचा आहे. भिंतींना मातकट किंवा राखाडी दे. धूळ बसणारच आहे, ती निदान उठून तरी दिसणार नाही.

रविवारी इकडं ये. येताना निवडलेल्या रंगांचे छोटे डबे आण. गोठ्याची पश्चिमेची भिंत मोकळीच आहे. तिच्यावर चार-चार फुटांचे पट्टे मारू आणि दुपारी चारच्या उन्हात बघू. मग काय ते बिल्डरला कळव.

तुझा काका