दहावी पेंढी कोणाची?

दशमांश एकूण पगारावर काढायचा की हाती येणाऱ्या रकमेवर, यावर ख्रिस्ती मंडळीत आजही हिरिरीने बोललं जातं. मला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो. हा दहावा हिस्सा मुळात कोणाच्या ताटात पडायचा होता?

जुन्या करारात लेवी वंशाला वाटणीत जमीन मिळाली नाही. देवाची सेवा हेच त्यांचं वतन, म्हणून इतरांच्या पिकाचा दहावा भाग त्यांचा. ‘अनुवाद’ या पुस्तकात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायला सांगितलं आहे. तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. ज्यांना स्वतःचं शेत नाही, तेच हे सगळे.

पुदिना आणि जिऱ्याचाही दशमांश काटेकोरपणे देणाऱ्यांना येशूने न्याय आणि दया विसरल्याबद्दल खडसावलं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना पौलाने आकडा घातलाच नाही. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आणि खुशीने द्यावं, एवढंच म्हटलं. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन रविवारच्या वर्गणीबद्दल लिहितो, तेव्हा ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्याकडेच जाताना दिसते.

पुढे खुशीचा कायदा झाला. 585 साली माकों इथल्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, 779 साली फ्रँक राजा शार्लमेनने तो आपल्या राज्यात सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये कापणी झाली की दर दहावी पेंढी शेतातच वेगळी काढायची, आणि ती धर्मगुरूच्या कोठारात जायची. लोकर, दूध, डुकराची पिल्लं यांनाही सूट नव्हती. आठव्या हेन्रीने मठ बुडवले, तेव्हा मठांकडचे दशमांशाचे हक्क जमीनदारांच्या हाती गेले आणि इतर मालमत्तेसारखे विकले जाऊ लागले. मला या इतिहासातलं सर्वांत क्लेशदायक पान हेच वाटतं. भूमिहीनांसाठी काढलेला वाटा जमीनदाराच्या घरात पोचला होता. क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी तो द्यायला नकार देऊन तुरुंग पत्करला. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांना परक्या प्रोटेस्टंट चर्चसाठी दशमांश भरावा लागे. 1831 पासून तिथे रक्त सांडलं. इंग्लंडमध्ये 1836 साली पेंढीच्या जागी रोकड आली, आणि 1936 साली या वसुलीच्या अखेरीचा कायदा झाला.

ऐच्छिक देण्याचा विचार मात्र सक्तीच्या या काळातच पुन्हा उभा राहत होता. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्टाचा हिशेब सांगितला आहे. तो त्याचा स्वतःचाच असावा, असं मानतात. मिळकत 30 पौंड होती तेव्हा 28 मध्ये भागवून त्याने 2 दिले. मिळकत 60 झाली, तरी खर्च 28 च ठेवून 32 दिले. दहावा हिस्सा श्रीमंताला जाणवतही नाही, गरिबाला मात्र तोच जड जातो, हे या हिशेबाने ओळखलं होतं. मिझोरमच्या बायकांनी 1910 च्या सुमारास वेगळी वाट काढली. भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला ठेवायचा. तो गोळा करून विकायचा आणि त्यातून मंडळीचं काम चालवायचं. रोख पैसा नसलेल्या घरालाही त्यात सन्मानाने देता आलं.

आज काही प्रचारक दशमांश द्या, दुप्पट मिळेल, असं सांगतात आणि मलाखीच्या पुस्तकातल्या, आकाशकपाटं उघडून आशीर्वाद देण्याच्या अभिवचनाकडे बोट दाखवतात. त्याच अध्यायात, पाच वचनं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा, अनाथ, परका यांना नाडणाऱ्यांवर देवाचा आरोप आहे. व्यासपीठावरून दशमांश मागायचा असेल, तर ते वचनही तिथूनच वाचावं, आणि वर्षअखेरीच्या जमाखर्चात या लोकांपर्यंत किती रक्कम पोचली तेही मांडावं.