सांत्वन आणि स्पष्टीकरण

लग्नघरी काय बोलावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बारशाच्या घरचे, परीक्षेत पास झालेल्या मुलाच्या घरचे शब्द आपल्या जिभेवर तयार असतात. मृत्यूच्या घरी मात्र पाय उंबरठ्याशीच अडखळतात, आणि तो मृत्यू अकस्मात आलेला असला म्हणजे तर विचारूच नका. दीर्घ आजाराने माणूस जातो तेव्हा घरच्यांनी निदान मनाची थोडीफार बांधाबांध केलेली असते. पण सकाळी हसत बाहेर पडलेले माणूस संध्याकाळी परत येत नाही, तेव्हा त्या घरात एकच शब्द भिंतींवर आपटत राहतो : ‘का?’

भेटीला गेलेल्या आपल्याला वाटते की, या ‘का’चे उत्तर देणे हेच आपले काम. मग आपण बोलू लागतो. कोणी प्रारब्ध म्हणतो, कोणी ईश्वराची इच्छा म्हणतो, कोणी ‘चांगली माणसे देवालाही आवडतात’ असे म्हणतो. माणूस श्रद्धाळू असेल तर त्याची जीभ अधिकच सैल सुटते. कारण आपल्यापाशी उत्तर आहे असे त्याला मनापासून वाटत असते.

सणाच्या दिवसांत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या आळीत शंभर घरी आकाशकंदील लागतात, त्याच आळीत एखाद्या घरी यंदा तो लागलेला नसतो. त्या घराकडे पाहून एक प्रश्न मनात येतो : श्रद्धा हे दुःखाचे स्पष्टीकरण आहे काय? प्रश्न सर्वच धर्मांतल्या माणसांचा आहे. परंतु एका ख्रिस्ती कुटुंबाच्या इतिहासात त्याची दोन्ही अंगे इतकी स्पष्ट उमटली आहेत की, तो इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही.

अमेरिकेतील शिकागो शहरात होरेशिओ स्पॅफर्ड नावाचे एक वकील राहत असत. 1871 च्या ऑक्टोबरात शिकागोला प्रचंड आग लागली. शहराचा मोठा भाग जळाला आणि सुमारे एक लाख माणसे बेघर झाली. स्पॅफर्ड यांनी आपला पैसा जमीनजुमल्यात घातला होता. त्याचेही फार मोठे नुकसान झाले. दोन वर्षांनी त्यांनी सहकुटुंब युरोपला जायचे ठरवले. ऐन वेळी कामाने त्यांना अडकवून ठेवले, म्हणून पत्नी ॲना आणि चार मुली यांना त्यांनी पुढे पाठवले. धाकटी मुलगी अवघ्या दोन वर्षांची होती.

22 नोव्हेंबर 1873 च्या पहाटेच्या अंधारात, अटलांटिक महासागराच्या मध्यावर, त्यांचे ‘व्हिल द्यु हाव्र’ हे जहाज ‘लॉख अर्न’ नावाच्या दुसऱ्या जहाजावर आदळले. बारा मिनिटांत ते बुडाले. 226 माणसे गेली. त्यांत त्या चारही मुली होत्या. ॲना बेशुद्ध स्थितीत एका फळीवर तरंगताना सापडल्या. किनाऱ्याला लागल्यावर वेल्समधील कार्डिफहून त्यांनी पतीला तार केली. आपण वाचलो, पण एकट्या वाचलो, हे सांगायला इंग्रजीत दोनच शब्द लागतात.

स्पॅफर्ड मिळेल त्या जहाजाने पत्नीकडे निघाले. वाटेत कप्तानाने त्यांना ती जागा दाखवली. त्या प्रवासातच त्यांना एक गीत सुचले, असे त्यांच्या घरात सांगत असत. ‘इट इज वेल विथ माय सोल’ हे ते गीत. फिलिप ब्लिस नावाच्या संगीतकाराने त्याला चाल लावली, 1876 साली ते छापून आले, आणि चालीला नाव मिळाले त्या बुडालेल्या जहाजाचे. त्याच वर्षी डिसेंबरात ॲश्टाब्युला येथे रेल्वेचा पूल कोसळला आणि ब्लिस व त्यांची पत्नी दोघेही त्या अपघातात गेली. आज जगभरच्या चर्चमधून, विशेषतः अंत्यविधीच्या वेळी, हे गीत म्हटले जाते.

कीर्तनकाराला सांगायला आवडावी अशी ही कथा येथे संपवता येते, आणि पुष्कळ वेळा ती येथेच संपवली जाते. चार मुली गेल्या तरी भक्ताने ‘सर्व ठीक आहे’ म्हटले. धन्य ती श्रद्धा! पण आयुष्य कीर्तनकाराच्या सोयीने संपत नसते. स्पॅफर्ड दांपत्याला पुन्हा मुले झाली. त्यांतला मुलगा चार वर्षांचा झाला आणि 1880 मध्ये लाल पुरळ उठणाऱ्या एका तापाने गेला. आता मात्र ओळखीची, एकाच प्रार्थनामंदिरात जाणारी माणसे कुजबुजू लागली. एखाद्यावर एवढी संकटे उगीच येतील काय? या घराच्या हातून काहीतरी पाप घडले असले पाहिजे.

आपल्याकडे हीच कुजबुज ‘गेल्या जन्मीचे भोग’ या शब्दांत होते. भाषा बदलते, वृत्ती तीच. आणि ही कुजबुज करणारी माणसे दुष्ट नसतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती भ्यालेली असतात. शेजारच्या घरावर कोसळलेली वीज त्या घरच्या दोषामुळे कोसळली असे ठरले, म्हणजे आपले घर सुरक्षित होते. स्पष्टीकरण आपण दुःखिताला देतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ते आपल्याच भयाला दिलेले असते.

नवल असे की, ज्या ग्रंथाच्या आधाराने ती माणसे बोलत होती, तो ग्रंथ त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. बायबलातल्या ईयोबाची कथा घ्या. एका दिवसात त्याची संपत्ती गेली, सारी मुले एका वादळात घराखाली चिरडून मेली. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसून राहिले. तेवढेच त्यांचे खरे सांत्वन. आठव्या दिवसापासून ते कारणे सांगू लागले, ईयोबाचे पाप शोधू लागले, आणि तेथून ते मित्र उरले नाहीत, वकील झाले, तेही देवाचे. ईयोब मात्र देवाशी भांडला, रडला, आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप दिले. शेवटी देव बोलतो तेव्हा तो रागावतो मित्रांवर. आपली बाजू मांडणाऱ्यांचे बोलणे देवाला खोटे वाटले आणि आपल्याशी भांडणाऱ्याचे खरे वाटले!

शुभवर्तमानातही हेच. यरुशलेमातील शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे येशू स्वच्छ सांगतो. आणि बेथानी गावचा त्याचा मित्र लाजर मरण पावला तेव्हा तर त्याने याहून विलक्षण गोष्ट केली. लाजर पुन्हा उठणार हे त्या कथेतल्या येशूला ठाऊक आहे. तरी त्याच्या बहिणीला रडताना पाहून तो स्वतः रडतो. पुनरुत्थानावर ज्याची सर्वांत अधिक श्रद्धा, त्याच्याच डोळ्यांना पाणी! पुन्हा भेट होणार या आशेने आजचा वियोग खोटा ठरत नाही. श्रद्धावंताने रडू नये असे म्हणणाऱ्याने हा प्रसंग नीट वाचलेला नसतो.

मग स्पॅफर्ड यांच्या गीताचे काय? ‘सर्व ठीक आहे’ हेही एक स्पष्टीकरणच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्या गीताचे नावच पाहा. जे घडले ते ठीक झाले, असे ते म्हणत नाही. चार मुलींचे बुडणे कोणाही बापाला ठीक वाटणार नाही. माझ्या जिवाचे ठीक आहे, एवढेच ते म्हणते. वादळाला कोणी चांगले म्हटलेले नाही. वादळात आपला हात कोणीतरी धरला आहे, एवढीच ग्वाही आहे. आणि ही ग्वाही ज्याचे दुःख त्याने दिलेली आहे. हेच शब्द एखाद्या शेजाऱ्याने त्यांच्या दारात उभे राहून उच्चारले असते, तर त्यासारखे क्रौर्य नव्हते. दुःखिताच्या तोंडून निघाली तर जी प्रार्थना होते, तीच ओळ भेटीला आलेल्याच्या तोंडून उपदेश होते. शब्द तेच; पण ते उच्चारण्याचा अधिकार एकाचाच असतो.

पुढे 1881 साली स्पॅफर्ड दांपत्य काही मित्रांसह यरुशलेमला जाऊन राहिले. त्यांच्या वसाहतीतील सगळ्याच समजुती आणि रीती आपल्याला पटतील असे नाही. पण त्यांनी ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद न करता गरिबांची शुश्रूषा केली, आणि पहिल्या महायुद्धाच्या उपासमारीत त्या वसाहतीने लोकांसाठी अन्नछत्रे चालवली. 1925 साली त्यांच्या मुलीने, बर्था यांनी, तेथे तान्ह्या मुलांसाठी आईच्या नावाने एक घर काढले. बालकांची सेवा करणारी ती संस्था त्या जुन्या शहरात पुढेही चालू राहिली. येथे एक मोह टाळला पाहिजे. चार मुली गेल्या म्हणून शेकडो मुले वाचली, असा जमाखर्च मांडला की आपण पुन्हा स्पष्टीकरणाच्या दुकानात शिरलो. त्या मुली कशाची किंमत म्हणून गेल्या नाहीत. त्यांच्या आईबापांनी ‘का’ हा प्रश्न न सोडवताच ‘आता कोणासाठी?’ हा दुसरा प्रश्न हाती घेतला, इतकेच आपल्याला म्हणता येते.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक बाई होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पटकीने पती गेले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, केडगावला मुक्तिसदन उभारले, शेकडो अनाथ मुली आणि निराधार स्त्रियांना आसरा दिला. या कामाचा भार जिने उचलायचा ती मनोरमाच 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी त्या दिवसांतही टाकले नाही. मुलगी का गेली, याचे उत्तर त्यांना मिळाले होते म्हणून त्या काम करीत राहिल्या, असे मानायला काही आधार नाही. पण कोणापुढे बसून रडायचे हे त्यांना ठाऊक होते. श्रद्धेने मिळणारी वस्तू बहुधा हीच असावी : उत्तर नव्हे, तर ज्याला प्रश्न विचारता येतो असा कोणीतरी.

आणि भेटीला जाणाऱ्याने काय करावे, हे आपल्या बायाबापड्यांना केव्हाच कळलेले आहे. ज्या घरी वर्षात कोणी गेले, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. मग शेजारीण चकल्या-करंज्यांचा डबा पदराखाली धरून जाते, स्वयंपाकघरात ठेवते, घटकाभर बसते आणि उठते. तिने प्रारब्धाची मीमांसा केलेली नसते. दिवाळीच्या आगेमागेच, 2 नोव्हेंबरला, वसईकडची ख्रिस्ती मंडळी आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. शेजारच्या कबरीवर कोणी आलेले नसेल, तर आपल्यातलीच एखादी मेणबत्ती तेथे लावायला किती वेळ लागतो?

यंदा आपल्या आळीत ज्या घरी कंदील लागला नाही, तेथे फराळाचा डबा घेऊन जरूर जावे. बसावे. त्या माणसाचे नाव निघाले तर निघू द्यावे, डोळे भरले तर भरू द्यावेत. ‘का?’ असे कोणी विचारलेच, तर मान खाली घालून ‘मला ठाऊक नाही’ म्हणावे, आणि लगेच उठून जाऊ नये.