परमार्थास गेलेला पुत्र आणि घरचे पत्र

जबलपूर शहरात गोरखपूर नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. नर्मदेचा ग्वारीघाट तेथून फार दूर नाही. अशा वस्तीतील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. वडील नोकरीतून निवृत्त झालेले, आई देवपूजेत व स्वयंपाकघरात गुंतलेली, थोरला मुलगा संसारी आणि धाकटा दोन वर्षांपूर्वी एका धर्मसेवेच्या संस्थेत साधक म्हणून गेलेला. संस्थेच्या नियमाप्रमाणे रविवारी सायंकाळी त्याला घरी दूरध्वनी करता येतो. आई दुपारपासूनच यंत्र जवळ घेऊन बसते. बोलणे होते ते पाच मिनिटांचे. जेवलास काय, थंडी आहे काय, आणि शेवटी न चुकता, येणार केव्हा? पलीकडे क्षणभर शांतता पसरते. पुढे मुलाचा दूरध्वनी पंधरवड्याने येऊ लागतो, मग महिन्याने. घरी बोलले जाते की, परमार्थ शिकविणारे लोक आईबापांस विसरावयासही शिकवितात काय? आणि मुलाच्या मनात येते की, घर सुटले तरी घराची दोरी सुटत नाही.

अशी घरे आज देशात सर्वत्र आहेत. म्हणून हा प्रश्न नीट पाहिला पाहिजे की, धर्मकार्यास गेलेल्या अपत्याशी संबंध राखणे हा मोह आहे की कर्तव्य आहे?

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत पुत्र, पत्नी, घर इत्यादींविषयी दोन शब्द योजिले आहेत, असक्ती आणि अनभिष्वंग. श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या दोहोंत सूक्ष्म भेद केला आहे. एखाद्या विषयावर प्रीती जडणे ही आसक्ती. आणि दुसऱ्याच्या सुखाने मीच सुखी, त्याच्या दुःखाने मीच दुःखी, तो गेला की मीच गेलो, अशी तद्रूपतेची भावना म्हणजे अभिष्वंग. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, भगवंतांनी पुत्राची विचारपूस वर्ज्य केलेली नाही. त्याच्या जीवनात आपले जीवन बुडवून टाकणे तेवढे वर्ज्य केले आहे. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना ‘अनभिस्नेह’ असा शब्द आला आहे. संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही होय. जे चिकटते ते काढावयाचे आहे. परंतु समईत जळते तेही तेलच.

जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिवनी हे गाव लागते. तेथील तुरुंगात 1944 साली आचार्य विनोबा भावे यांनी याच स्थितप्रज्ञ-लक्षणांवर व्याख्याने दिली व ती पुढे ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ या नावाने प्रसिद्ध झाली. बोलणारे विनोबा स्वतः घर सोडून गेलेले पुत्र होते. त्यांच्या घरची हकीकत गृहस्थांनी मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

विनोबांचा जन्म 1895 साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. वडील नरहर शंभुराव भावे बडोद्यास नोकरीस होते. रंगांच्या शास्त्राचे ते जाणकार. मुलाने शिकून मोठे व्हावे ही त्यांची साधीच इच्छा होती. 25 मार्च 1916 रोजी विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले, सुरतेस गाडीतून उतरले आणि काशीच्या वाटेस लागले. मात्र जाताना त्यांनी घरी पत्र धाडले. परीक्षेस न जाता आपण दुसरीकडे जात आहोत, तथापि कोठेही गेलो तरी हातून अनुचित काही घडणार नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. पत्ता नाही, परत येण्याची तिथी नाही. पण खोटेही काही नाही. आई रुक्मिणीबाईंचा मुलावरील विश्वास ढळला नाही, असे विनोबांनीच पुढे सांगितले आहे. वडिलांच्या मनाचे काय झाले असेल, ते ज्यांनी मुलगा वाढविला आहे त्यांनीच जाणावे.

जून महिन्यात विनोबा अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींकडे पोहोचले. मुलाने घरी काही कळविलेले नाही, असे दिसताच गांधीजींनी नरहररावांस स्वतः पत्र लिहिले. तुमचा मुलगा माझ्यापाशी आहे, हे त्यांनी कळविले आणि एवढ्या लहान वयातील त्याच्या वैराग्याची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. या पत्राचे मोल फार आहे. ज्याने मुलास ठेवून घेतले, त्यानेच बापाला प्रथम निश्चिंत केले. आज ज्या मठांत, आश्रमांत वा धर्मसंस्थांत तरुण मुले व मुली दाखल होतात, तेथील चालकांनी हे काम आपले मानले पाहिजे. मुलगा लिहील तेव्हा लिहील. पण तो कोठे आहे, प्रकृतीने कसा आहे, काय शिकतो आहे, आणि घरी काही अडचण उद्भवल्यास निरोप कोणाकडे द्यावयाचा, एवढे आईबापांस लेखी कळलेच पाहिजे. जी संस्था हे कळविण्यास टाळाटाळ करते, तिच्याविषयी आईबापांस शंका आली तर ती शंका मोह म्हणून उडवून लावता येणार नाही.

समर्थ रामदासांची कथा याच्या उलट आहे. लग्नमंडपातून ते निघून गेले, आणि तपाची व तीर्थाटनाची मिळून चोवीस वर्षे गेल्यावर जांबेस परतले, अशी परंपरा सांगते. त्या काळात माता राणूबाईंची दृष्टी गेली होती. समर्थांच्या थोरवीस यामुळे काही उणेपणा येत नाही. परंतु पुष्कळ कीर्तनांत मातेचे अंधत्व हा केवळ पुत्राच्या पुनर्भेटीचा चमत्कार रंगविण्याचा प्रसंग होतो, हे बरे नव्हे. ती चोवीस वर्षे त्या माउलीने कशी काढली असतील, याकडेही श्रोत्यांचे लक्ष जावयास हवे.

आता विनोबांच्या जीवनातील दुसरे पत्र पाहावे. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्राध्ययनासाठी राहिले होते. तेथून 1918 च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींस सविस्तर पत्र लिहिले. काय वाचले, काय शिकविले, कोणती व्रते पाळली, आहार कोणता, पायी किती हिंडलो, असा सर्व हिशेब त्यात होता. ते वाचून गांधीजींनी गोरखनाथ-मच्छिंद्रनाथांची आठवण काढून शिष्याने गुरूला जिंकल्याचे कौतुक केले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. परंतु येथे एक विचार मनात येतो. साधक आपल्या गुरूस चार चार पाने लिहितो आणि घरी मात्र ‘मी ठीक आहे, काळजी नसावी’ या एका ओळीवर भागवितो, असे कित्येक ठिकाणी दिसते. घरच्यांना हे कळणार नाही, अशी त्याची समजूत असते. पण ज्या आईने जात्यावरच्या ओव्यांतून त्याला देव शिकविला, तिला त्याचे नामस्मरण कळणार नाही काय? ‘येणार केव्हा’ हाच प्रश्न आई पुनःपुन्हा का विचारते, याचे एक कारण असेही आहे की दुसरे काय विचारावे, ते तिला कोणी सांगितलेलेच नसते.

त्याच 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली. भाव्यांच्या घरीही आजार शिरला. वार्ता पोहोचली आणि विनोबा बडोद्यास आले. अखेरच्या दिवसांत ते आईजवळ होते. 24 ऑक्टोबर रोजी रुक्मिणीबाईंचे निधन झाले. अंत्यविधी आपण स्वहस्ते करावा, अशी पुत्राची धारणा. तो रीतीप्रमाणे ब्राह्मणांकरवी व्हावा, अशी पित्याची. दोघेही आपापल्या जागी दृढ राहिले. विनोबा विधीस गेले नाहीत आणि त्या दिवसापासून त्यांनी वेदाध्ययन आरंभिले. हे योग्य झाले की नाही, याविषयी सज्जनांत मतभेद राहतील. पित्याच्या शोकसमयी पुत्राने थोडे नमते घ्यावयास हवे होते, असे म्हणणाऱ्यास दोष देता येणार नाही. तथापि सेवेची वेळ होती तेव्हा तो हजर होता, आणि मतभेद झाला तो त्यानंतरच्या कर्माविषयी. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलट घडते. आजारपणात कोणी फिरकत नाही आणि तेराव्यास सर्व जमतात.

आईची एक साडी विनोबांनी जवळ ठेवली होती आणि निजताना ते ती उशाशी घेत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर, साडी खादीची नव्हती म्हणून, त्यांनी ती साबरमतीच्या प्रवाहात सोडली. ज्यांस वाटते की घर सोडून गेलेल्याचे मन कोरडे असते, त्यांनी ही साडी आठवावी.

यावरून गोरखपूरच्या त्या घरास आपल्या प्रश्नाचा काही मार्ग सापडण्यासारखा आहे. समजा, वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली. मुलास कळवावे की न कळवावे? आई म्हणते, त्याच्या साधनेत विघ्न नको. थोरला म्हणतो, त्याला कळलेच पाहिजे, सारा भार मीच का वाहावा? दोघांच्याही बोलण्यात थोडे सत्य आहे व थोडा अभिष्वंग आहे. लपविणे हे वरवर त्यागासारखे दिसते. पण त्यात मुलाचा निर्णय आपणच घेऊन टाकण्याचा अधिकार गृहीत धरलेला असतो. नंतर कळल्यावर जो सल त्याच्या मनात राहील, तो साधनेस अधिकच विघातक होईल. कळवावे, अवश्य कळवावे. तारीख, रुग्णालय, डॉक्टरांनी सांगितलेले, जसेच्या तसे. त्यापुढे ‘तू आलास तरच आम्ही वाचू’ असे जोडू नये, किंवा ‘तू येऊ नकोस’ असेही जोडू नये. येणे वा न येणे त्याने आपल्या गुरुजनांस विचारून ठरवावे, आणि जे ठरेल त्याचे उत्तर त्याने स्वतः वडिलांस द्यावे, दुसऱ्याकरवी नव्हे. थोरल्याच्या तक्रारीस मात्र निराळे उत्तर हवे. घरी राहून औषधपाणी करणारा मुलगा कमी धार्मिक, आणि भगवी वस्त्रे नेसलेला अधिक, असा भाव आईबापांच्या बोलण्यात नकळत येतो. पाहुण्यांस फोटो दाखविला जातो तो धाकट्याचा. रात्री उठून पाणी देणारा मुकाट्याने ऐकत असतो.

नरहररावांचे तर तीन पुत्र या वाटेने गेले. विनोबांमागून बाळकोबा आणि शिवाजीरावही सार्वजनिक सेवेत शिरले व तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. पित्याने उत्तरायुष्यात संगीताचा अभ्यास आरंभिला आणि त्यात मन रमविले. पुत्र न परतल्यामुळे रिकामे झालेले घर त्यांनी गाऱ्हाण्यांनी भरले नाही. 1947 साली, शेवटच्या आजारात ते धुळ्यास शिवाजीरावांपाशी आले व तेथेच त्यांनी देह ठेवला.

आईशी संबंध मात्र तिच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, आणि मराठीत जी मिळते तीही कठीण वाटते, तेव्हा तूच सोपी करून दे, असे रुक्मिणीबाईंनी मुलास पूर्वी कधी म्हटले होते. ऑक्टोबर 1930 मध्ये विनोबांनी ते काम हाती घेतले आणि 1931 च्या फेब्रुवारीत पुरे केले. आईस जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. ग्रंथाचे नाव त्यांनी ‘गीताई’ ठेविले. 1932 साली, ते धुळ्याच्या तुरुंगात असताना, तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याच तुरुंगात रविवारच्या रविवार ते बंदिजनांस गीता समजावून सांगत होते आणि साने गुरुजी ती उतरून घेत होते.