मुखदर्शन

पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला दर्शनाच्या पायऱ्या ठाऊक असतात. दुरून कळस दिसताच हात आपोआप जोडले जातात, ते कळसदर्शन. काही अंतरावरून विठ्ठलाचे मुख डोळे भरून पाहिले, ते मुखदर्शन. आणि तासन्‌तास रांगेत तिष्ठून अखेर पायांवर डोके टेकवले, ते पदस्पर्शदर्शन. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कामगारसंबंध चित्रपटांच्या आधारे शिकवण्याचा विचार करू लागलो, की माझे मन या एका शब्दापाशी येऊन थांबते: दर्शन.

वर्गात पहिल्यांदा लाभते ते कळसदर्शन. औद्योगिक विवादांविषयीचा कायदा, संपाची आणि टाळेबंदीची व्याख्या, वेतनकराराची कलमे, गैरहजेरीचे तक्ते हे सारे आवश्यकच आहे, कारण कळस दिसल्यावाचून दिशा कळत नाही. परंतु दोन वर्षे केवळ कळसच पाहिलेला तरुण जेव्हा कारखान्यात अधिकारी म्हणून रुजू होतो, तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नसतो. चित्रपट त्याला त्या चेहऱ्यासमोर आणून उभे करतो, आणि दीड-दोन तास तिथून हलू देत नाही.

हृषीकेश मुखर्जी यांचा १९७३ चा ‘नमक हराम’ घ्या. विकी हा मालकाचा मुलगा. कामगारनेत्या बिपिनलालची माफी मागावी लागल्याचा अपमान त्याच्या जिव्हारी लागतो, आणि त्याचा जिवलग मित्र सोमू सूड उगवण्यासाठी कामगार बनून कारखान्यात शिरतो, बिपिनलालला बाजूला सारून स्वतःच पुढारी होतो. येथवर हे नुसते कारस्थान आहे, आणि पाहणारा विद्यार्थीही मनातल्या मनात त्या डावाला दाद देत असतो. पण सोमू त्या वस्तीत राहू लागतो, त्यांच्यात जेवतो, त्यांची आजारपणे आणि कर्जे जवळून पाहतो, आणि ज्यांना फसवायला आलो त्यांचाच होऊन जातो. दर्शनाचे सामर्थ्य हेच, की ते पाहणाऱ्याला पूर्वीचा राहू देत नाही. कपट मनात धरून आलेल्यालाही नाही. पुढे त्याचे सोंग उघडे पाडले जाते आणि त्याचा जीव जातो. येथे शिक्षकाने चित्रपट थांबवून एवढेच विचारावे, की सोमूला जे वस्तीत दिसले ते विकीला कचेरीत बसून का दिसले नाही? या एका प्रश्नावर वर्गाचा अख्खा तास खर्ची पडला तरी तो सार्थकी लागला असे मी मानतो.

आपल्या मुंबईचे दर्शन याहून कठोर आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार मात्र प्रातिनिधिक संघटना म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. म्हणजे कामगार ज्याच्या मागे उभे होते, त्याला कायद्याच्या लेखी वाटाघाटीत जागा नव्हती. हे कलम पुस्तकात वाचले तर परीक्षेपुरते लक्षात राहते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेला महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) पाहिला, की त्याच कलमाची किंमत चाळीतल्या एका खोलीत, एका आईच्या आणि तिच्या मुलांच्या आयुष्यात कशी वसूल झाली ते दिसते. संप गिरणीच्या फाटकावर सुरू होतो आणि घरातल्या चुलीपाशी येऊन बसतो, हे व्यवस्थापकाला कोणत्या तक्त्यात दिसणार?

आणि सज्जनहो, दर्शनाला आणखी एक पदर आहे: ते एका बाजूचे नसते. ‘अमेरिकन फॅक्टरी’ (२०१९) हा माहितीपट अमेरिकेतल्या ओहायो राज्यात घडतो. जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यात फुयाओ ही चिनी कंपनी मोटारींच्या काचा बनवू लागते; पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी मजुरीवर राबणारी कामगार स्त्री आपल्याला दिसते, घरापासून हजारो मैलांवर आलेला चिनी कारागीर दिसतो, आणि युनियन नको म्हणून ठाम असलेले अध्यक्ष आपल्या बालपणीच्या दिवसांच्या आठवणीत हरवलेलेही दिसतात. २०१७ च्या मतदानात कामगारांनीच युनियन नाकारली. कोण बरोबर, याचा निवाडा करायला अधीर झालेल्या विद्यार्थ्याला मी सांगेन, की थोडा थांब. आधी तिघांचेही मुख नीट पाहा.

तरीही हे मुखदर्शनच, हे विसरता येत नाही. पडद्यावरचा चेहरा दिग्दर्शकाने निवडून, उजळून, योग्य क्षणी समोर आणलेला असतो, आणि पाहणारा अंधारात सुरक्षित बसलेला असतो. कोणी त्याला उलट प्रश्न विचारत नाही. पदस्पर्शाला रांगेत उभे राहावे लागते आणि वाकावे लागते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. चित्रपट संपल्यावर लगेच व्याख्यान देऊ नका. पुढच्या आठवड्यात मुलांना जवळच्या औद्योगिक वसाहतीत, पाळी बदलण्याच्या वेळी, कारखान्याच्या फाटकाशी घेऊन जा, आणि तिथे त्यांना प्रश्न विचारण्याआधी ऐकू द्या.